मंगळवारी खुशाल घरी बसा

अमेरिकेच्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूसाठी प्रश्न घोकले होतेत ना? त्यात एक असा होता: फक्त नागरिकांवरच असते अशी एक जबाबदारी सांगा. तुम्ही 'फेडरल निवडणुकीत मतदान' असं ठणकावून सांगितलंत, शपथ घेतलीत, हातात छोटा झेंडा धरून फोटो काढलात. तोंडी परीक्षेत पास झालात, आता प्रॅक्टिकल कशाला?

तेव्हा नोव्हेंबरातल्या मतदानाच्या मंगळवारी खुशाल घरी बसा. एकटं वाटून घेऊ नका. २०१४च्या मिडटर्मला, म्हणजे प्रेसिडेंटच्या कारकिर्दीच्या मधल्या निवडणुकीला, पात्र लोकांपैकी जेमतेम ३६ टक्के बाहेर पडले. बाकीचे सगळे तुमचेच सोबती.

ज्युरी ड्युटी, म्हणजे कोर्टात खटल्याचा पंच म्हणून बसणं, लागेल म्हणून मतदार नोंदणीच टाळा. न्यू जर्सीत ज्युरीची यादी लायसन्स आणि टॅक्स रिटर्नवरूनही बनते, तेव्हा गाडी चालवणं आणि टॅक्स भरणंही सोडा.

'एका मताने काय होतंय' हे पाठ करून ठेवा. २०१७ साली व्हर्जिनियाच्या विधानसभेच्या एका जागेसाठी डेव्हिड यान्सी आणि शेली सायमंड्स यांना प्रत्येकी ११,६०८ मतं पडली. मग भिशीची काढतात तशी भांड्यातून चिठ्ठी काढली, यान्सी निघाले आणि अख्ख्या सभागृहाचं बहुमत त्या चिठ्ठीने ठरलं. पण नियम तो नियम: एका मताने काही होत नाही.

विषम सालातल्या निवडणुकीला तर निवडणूक म्हणूच नका. एकदा दिवाळीच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी श्रीखंडापासून मसालेभातापर्यंत मला अमेरिकेचं राजकारण शिकवलं. बॉर्डर, टॅरिफ, सुप्रीम कोर्ट, एच-१बी, काही सोडलं नाही. मग घसरले प्रॉपर्टी टॅक्सवर. मी विचारलं, "या वर्षी आपल्या न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक आहे, मत दिलंत का?" तर म्हणतात, "या वर्षी कुठली? प्रेसिडेंटची तर गेल्या वर्षी झाली!" अहो, घरात मेलबॉक्स भरून पत्रकं येतायत, चौकाचौकात पाट्या आहेत! आणि ज्या टॅक्सच्या नावाने गळा काढताय, त्यातला साधारण अर्धा शाळांना जातो, शाळांचं बजेट बोर्ड ठरवतं, बोर्ड निवडून येतं. कोणाच्या मतांवर? ज्यांची नातवंडंसुद्धा शाळा सोडून गेलीत, त्या शेजारच्या आजोबांच्या. ते पावसात काठी टेकत जातात. तुम्ही वीस वर्षं त्याच गल्लीत राहून एकदा गेला नाहीत.

अमेरिकेत कोण मत देतं याचा ठोकताळा जुना आहे. वयस्कर, शिकलेले, स्वतःच्या घरात राहणारे देतात. तरुण, भाडेकरू, कमी पगाराचे मागे राहतात. तुमच्याकडे दोन मास्टर्स, चार बेडरूमचं घर, सहा आकडी पगार, आणि हजेरी विशीतल्या भाडेकरूची.

त्या भाडेकरूला दोन नोकऱ्या असतात, तो घर बदलतो, नोंदणी राहून जाते. त्याला मी काही म्हणणार नाही. जॉर्जिया राज्यात लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिलेत. तुम्हाला बॅलट घरपोच मिळू शकतं, लवकर मतदानासाठी शनिवार-रविवारही आहे. तरी तुम्ही जात नाही. हा आळस आहे, आणि वर माजही आहे. तुमच्या मुलांच्या शाळेच्या बोर्डावर कोण बसलंय, एक नाव सांगा. एकच. नाही ना येत? मग टॅक्सबद्दल तोंड उघडू नका.