तापमानाचं काय?

‘प्रकाशावर चालत असल्याने या सेन्सरवर बाहेरच्या कशाचाही परिणाम होत नाही’ हे अंगावर बांधून श्वास आणि हालचाल मोजणाऱ्या फायबरच्या (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक तंतूच्या) पट्ट्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. विद्युतचुंबकीय लहरींचा होत नाही, हे खरंच. म्हणून तर एमआरआय चालू असतानाही फायबरने रुग्णाचा श्वास मोजता येतो. पण तापमानाचा होतो, आणि चांगलाच होतो. मी भोसरीत यंत्रांच्या भागांवर ब्रॅग ग्रेटिंगचे (फायबरमध्येच कोरलेल्या, ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठवणाऱ्या सूक्ष्म रेषांचे) सेन्सर चिकटवायचं काम करतो. 1550 नॅनोमीटरच्या आसपास ग्रेटिंग एका मायक्रोस्ट्रेनने (लांबीच्या दहा लाखाव्या भागाने) ताणलं गेलं की परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 1.2 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकते. नुसतं एक अंश तापमान वाढलं तरी सुमारे 10 पिकोमीटर. मे महिन्यात स्वारगेटच्या उन्हातून कोणी एसी दवाखान्यात शिरलं, तर पट्टा त्यालाच हालचाल समजू शकतो. शेजारी ताण न येणारं दुसरं ग्रेटिंग ठेवून ही चूक वजा करतात. लेखात त्याचा उल्लेखच नाही.

श्वासाची गती मोजताना हे फारसं आड येत नाही, कारण तापमान हळू बदलतं आणि छाती दर काही सेकंदांनी हलते. गुडघ्याचा कोन किंवा पाठीचा बाक दिवसभर मोजायचा असेल तर मात्र येतं. आणि ग्रेटिंग वाचणारी पेटी? ती फायबरच्या कित्येक पट महाग असते. माझ्या आईला सीओपीडी (श्वास घेणं अवघड करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, तिला असा पट्टा घरी मिळावा असं मनापासून वाटतं, म्हणून विचारतो: लेखकांनी पाहिलेल्या पट्ट्याची पेटी कमरेला लावता येते, की टेबलावरच ठेवावी लागते?