ठाकुर्लीचं पॉवर हाऊस आणि तो फॉरवर्ड

ठाण्या-डोंबिवलीच्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय. ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाऊस हे म्हणे भारतातलं पहिलं कोळशाचं वीज केंद्र, 1925 ला मुंबईची पहिली इलेक्ट्रिक लोकल त्याच्याच विजेवर धावली, पुढे फार धूर सोडतं म्हणून बंद पाडलं (सोबत फोटो), आणि आज परत सुरू केलं तर ठाणे-नवी मुंबईत लाइट जाणारच नाही. खाली 'अभिमान असेल तर शेअर करा' आहेच.

'पहिलं' तर लगेच उडतं. कोलकात्यात 1899 ला, मुंबईत वाडीबंदरला 1905 ला कोळशाची वीज सुरू झाली होती. चोळा 1929 चं.

आता 1929 म्हटल्यावर लोकलचं काय ते कळलंच असेल! 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला हार्बरवरून पहिली इलेक्ट्रिक गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणारी वीज), तेव्हा चोळा नव्हतंच. वीज टाटांची, खोपोली (1915) आणि भिवपुरी (1922) इथली, म्हणजे धरणाच्या पाण्यावरची. मग जीआयपी रेल्वेने (आजची मध्य रेल्वे) स्वतःचं केंद्र कशाला बांधलं? कारण तारा घाटापलीकडे, पुणे आणि इगतपुरीपर्यंत न्यायच्या होत्या, आणि बोरघाट नि थळघाट दोन्हीकडे 37 मीटरला 1 मीटर चढ, म्हणजे एक जड मालगाडी चढायला लागली की एकदम केवढी वीज ओढणार बघा, लोकलचं त्यापुढे काहीच नाही. ठाकुर्लीला कोळसा रेल्वेच्याच रुळांवरून थेट दारात यायचा आणि उल्हास नदी जवळ, बॉयलरला आणि थंड करायला पाणी लागतं ना. इथून वीज एसी (दिशा सतत बदलणारी) निघायची, वाटेतल्या सबस्टेशनांत तिची डीसी व्हायची. 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली ती इलेक्ट्रिक इंजिनावरच. मला विचाराल तर अभिमान याचा बाळगा, 'पहिलं'चा हट्ट कशाला.

फोटोत कंबर बारीक असलेला तो अगडबंब टॉवर आहे, वरून पांढरे ढग निघतायत. तो धूर नाहीच हो, पाण्याची वाफ आहे. टर्बाइन फिरवून झालेली वाफ कंडेन्सरमध्ये परत पाणी होते, तिची उष्णता घेतलेलं वेगळं पाणी या टॉवरमध्ये गार करतात. धूर जातो तो उंच, बारीक चिमणीतून. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या किंवा नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात गेलात तर दोन्ही शेजारी शेजारी दिसतील. ट्रॉम्बे, डहाणूच्या केंद्रांना गार करायला समुद्राचं पाणी, म्हणून वाशीच्या पुलावरून ट्रॉम्बेच्या फक्त चिमण्या दिसतात. म्हणजे कोळसा स्वच्छ असतो असं कुणी समजू नका, आपल्या देशी कोळशात राखच 30-40 टक्के निघते, पण घाण दाखवायची तर फोटो तरी बरोबर लावा.

राहिला लाइट जाण्याचा प्रश्न. चोळा 80 च्या दशकातच बंद झालं, तेव्हाची यंत्रं आज चालवायची म्हणजे नवं केंद्रच बांधायचं. त्याच्या विजेचा मुख्य ग्राहक रेल्वे, आणि मध्य रेल्वेची मुंबईतली लाइन 2016 पर्यंत डीसी सोडून 25 हजार व्होल्ट एसीवर गेली. आपल्या घरचा लाइट जातो तो बहुतेक वेळा फीडर (आपल्या भागाला वीज आणणारी लाइन), केबल नाहीतर कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून, वीज कमी पडली म्हणून नाही. 12 ऑक्टोबर 2020 आठवा, मुंबई-ठाणे-नवी मुंबई सगळीकडे अंधार, लोकल जागच्या जागी उभ्या. तेव्हा गडबड पडघा-कळवा 400 केव्ही (4 लाख व्होल्ट) लाइनवर सुरू झाली, एक सर्किट दुरुस्तीला बंद आणि दुसरं ट्रिप झालं (आपोआप बंद पडलं), बाहेरून वीज यायचा रस्ताच तुटला. आता कुणी म्हणेल, शहराजवळ केंद्र असतं तर आधार झाला असता. हो, त्यासाठीच मुंबईला आयलँडिंगची सोय आहे, म्हणजे ग्रिड कोलमडलं तर शहर त्यापासून तोडून ट्रॉम्बेसारख्या जवळच्या केंद्रांवर चालवायचं. त्या दिवशी लोड इतका जास्त झाला की ट्रॉम्बेचे संचही (वीज बनवणारी यंत्रं) ट्रिप झाले.