वकीलसाहेब, तुमचा अशील नक्की कोण?

सकाळी सकाळी कबड्डीच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो. का, तर संघटनेच्या निवडणुकीला स्टे मिळाला! खाली ‘वकीलसाहेब, मानलं तुम्हाला’, अंगठे, फटाके. डोकंच फिरलं. निवड चाचणी लटकली, ज्युनिअरच्या पोरी वयात बसेनाशा होतील, आणि हे पेढे वाटतायत!

कुस्तीत काय झालं ते पाहिलंय ना? 2023 मध्ये महासंघाच्या निवडणुकीला कधी या हायकोर्टातून, कधी त्या हायकोर्टातून स्थगिती. ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने महासंघच निलंबित केला. पुढच्या महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपली पैलवान अंतिम पंघाल हिने ब्राँझ जिंकलं, तेही तटस्थ खेळाडू म्हणून. तिरंगा नाही. कोर्टात कोण जिंकलं, आज कुणाला आठवतंय?

मी एका संघटनेचा खजिनदार होतो. एका मुलीने कोचविरुद्ध लेखी तक्रार दिली. अध्यक्ष म्हणाले, मागच्या तारखेची सभा दाखवू, कोचला तेव्हाच काढलं असं प्रोसिडिंगमध्ये लिहून टाकू. आमच्या वकीलकाकांनी प्रोसिडिंग बुक मिटून स्वतःकडे ओढलं. “भाऊसाहेब, मी संस्थेचा वकील. तुमचा नाही. तुम्हाला हवा तर दुसरा बघा.” समोरचा चहा कुणी उचलला नाही.

हां, मान्य, मतदार यादी बोगस असेल तर स्टे मागावाच लागतो. पुढे बोलतो.

फी कुठून जाते? मी चेकवर सह्या केल्यात. पोरांची प्रवेश फी, जत्रेतल्या स्पर्धेची देणगी, थोडंफार अनुदान. त्या पैशात एकाची खुर्ची वाचवायची? धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद, वर्षानुवर्षं धूळ खातो, आणि स्टेचा ड्राफ्ट एका रात्रीत तयार!

काकांना पुढे बदललंच. जाताना त्यांनी फाईल नीट लावून दिली, सगळ्यात वर त्या तक्रारीची पोच. नव्या वकिलाला ती काढायची हिंमत झाली नाही, चौकशी झाली. काका कधी याबद्दल बोलले नाहीत. आम्हीही त्यांचे धड आभार मानले नाहीत.

लिस्टमधल्या वकील मित्रांनो, भांडत नाही. पुढचा अध्यक्ष केबिनमध्ये आला की वकीलपत्रावर सही घेण्याआधी विचारा: तक्रार समिती आहे का, चाचण्या कधी, ठराव कुठाय? उत्तर नसेल तर तसं लेखी कळवा. आणि ‘अशिलाचं हित’ मला कमेंटमध्ये शिकवू नका, आज मूड नाही.