लक्ष्मीच्या पायाखालची ओळ

राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचे चित्र मिळवणे हे काही अवघड काम असू शकते, यावर आमच्या दादरच्या इमारतीत कोणाचाही विश्वास बसत नाही. ती तळमजल्यावरच्या वाण्याच्या गल्ल्यामागे आहे आणि आमच्या देवघरात तर सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीपासून आहे. त्याच भरवशावर मी एका दिवाळी अंकासाठी रविवर्म्याच्या छापखान्यावर लेख लिहायचे कबूल केले. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एखादी प्रत कोठे छापली गेली हे ओळखण्याची एक खूण म्हणजे अनेक प्रतींच्या खालच्या समासात बारीक अक्षरांत असलेले छापखान्याचे नाव आणि गाव. माझा सगळा लेख त्या एका ओळीवर उभा होता. संपादक म्हणाले, "लेखाची घाई नाही बाई, चित्र तेवढं नीट पाठवा. तीनशे डीपीआय."

संगणकावर शोध घेताच लक्ष्म्यांचा पूर आला. पण ज्या भाविकांनी त्या चढवल्या होत्या, त्यांना देवीशी कर्तव्य होते, समासाशी नव्हते. कोणी पायाशी कापलेली, कोणी कमळाशी, तर कोणी खालच्या ओळीवर स्वतःच्या दुकानाचे नाव टाकलेली. एका ठिकाणी समास शाबूत होता, तर त्यावरूनच विक्रेत्याचा जलशिक्का तिरपा गेला होता. दुसरीकडे अक्षरे होती, पण चित्र अवघे चारशे पिक्सेल रुंदीचे. छापताना इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे सहा इंची चित्राला अठराशे पिक्सेल हवेत आणि माझी लक्ष्मी छापली असती तर सव्वा इंचाच्या आसपास, पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली असती.

मग मी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मदत मागितली, हे माझे चुकलेच. दुपारपर्यंत एकोणीस लक्ष्म्या आल्या, त्यांतल्या अकरांवर 'शुभ सकाळ' होते. डोंबिवलीच्या काकांनी त्यांच्याकडच्या जुन्या चित्राचा फोटो मनापासून काढून पाठवला, पण व्हॉट्सअ‍ॅपने तो वाटेत असा दाबला की समासातल्या अक्षरांच्या मुंग्या झाल्या. "काका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा," असे लिहिल्यावर त्यांनी आधारकार्ड पाठवले.

रंगांचा गोंधळ वेगळाच. साडी एकीकडे गुलाबी, दुसरीकडे डाळिंबी, तिसरीकडे विटकरी. यात छायाचित्रकारांनाच दोष देता येत नाही, कारण ही छपाई दगडावर चित्र काढून केली जाई, त्यात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे आणि नंतर शंभर वर्षांचे ऊन व उदबत्तीचा धूर यांनी आपापला रंग चढवलेला असतो. म्हणून तर चांगली संग्रहालये चित्राशेजारी रंगांची पट्टी ठेवून फोटो काढतात. मला आता देवीपेक्षा ती पट्टी दिसली की जास्त आनंद होतो, हे सासूबाईंना सांगितलेले नाही.

इथल्याच एका संग्रहाकडे रीतसर अर्ज केला. रविवर्मा १९०६ साली गेले. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे तो केव्हाच संपला. तरीही चित्र मुक्त झाले म्हणून त्याचा फोटो मुक्त होतोच असे नाही, असे मला समजावण्यात आले आणि अर्ज लेटरहेडवर पुन्हा करायला सांगण्यात आले. माझ्याकडे लेटरहेड नाही. ते छापून घेण्यासाठीही मला डीपीआय विचारला गेला.

अखेर रात्री साडेबाराला मला शोध घेण्यातलीच चूक सापडली. मी 'ओलिओग्राफ', म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रे, शोधत होते. परदेशी सूच्यांमध्ये हीच चित्रे 'क्रोमोलिथोग्राफ', म्हणजे दगडावरून केलेली रंगीत छपाई, म्हणून नोंदलेली असतात आणि सरस्वतीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू', यावरही नशीब ठरते. शब्द बदलताच कपाटेच्या कपाटे उघडली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो कोणालाही, कशाहीसाठी फुकट वापरायला दिले. लंडनच्या वेलकम संग्रहातही रविवर्म्याच्या चित्रांच्या अशा छापील प्रती आहेत. अशाच एका परदेशी संग्रहात चारही समासांसह, रंगपट्टीसह आणि ओळीसह लक्ष्मी उभी होती. मुंबई-मळवलीचा माल मी साता समुद्रांपलीकडून उतरवून घेतला, तेही अर्ज न करता.

तुलनेसाठी म्हणून, सासूबाई माहीमला गेल्याची संधी साधून, मी देवघरातली तसबीरही उघडली. गंजलेले बारीक खिळे काढले, मागचा कसर लागलेला पुठ्ठा सरकवला. साडीवर चिकटवलेल्या जर-टिकल्यांतली एक टिकली माझ्या नखावर आली. खाली समास नव्हता. कोणा फ्रेमवाल्याने तो कात्रीने सरळ उडवला होता.

अंक धनत्रयोदशीला हातात आला. पान एकोणनव्वदवर लक्ष्मी पूर्ण पानभर, रंगीत, अगदी देखणी. खाली माझी ओळ: 'समासातील अक्षरे पाहावीत.' समास नव्हता. मी फोन केला, तेव्हा मांडणी करणारा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, खाली काहीतरी बारीक इंग्लिश होतं, घाण दिसत होतं. मी क्लीन करून घेतलं."