निवाऱ्यापुढचं काम राहूनच गेलं

उत्तर युगांडातलं चर्चचं काम म्हणजे मुलांना रात्रीचा निवारा, असं लेखात म्हटलंय. हे फारच अपुरं आहे. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाकडून अपहरण होईल या भीतीने हजारो मुलं रोज संध्याकाळी गुलू शहरात झोपायला येत, तेव्हा २००३ मध्ये गुलूचे कॅथलिक आर्चबिशप ओडामा आणि इतर धर्मगुरू त्यांच्यासोबत रस्त्यावर झोपले, हे खरंच.

पण अवघड काम पुढचं होतं. बंडखोरांनी पळवून नेऊन हाती बंदूक दिलेली मुलं परतली, की गाव त्यांना आपलं मानायला कचरत असे. कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स आणि मुस्लिम (हो, मुस्लिमसुद्धा!) नेत्यांच्या मंचाने शस्त्र खाली ठेवणाऱ्या बंडखोरांना माफी देणाऱ्या २००० च्या कायद्यासाठी जोर लावला, तो याचसाठी. लेखकाने त्याचा साधा उल्लेखही करू नये?