अमेली आणि लाकडी वांगं

स्वप्नाळू प्रेमपटांतल्या माणसांना ८:१२ची लोकल पकडायची नसते, ही त्यांच्याबद्दलची माझी मूळ तक्रार. त्यामुळे "निरागस आहे, आईंनाही आवडेल," असं म्हणत बायकोनं रविवारी दुपारी 'अमेली' लावला, तेव्हा मी पेपर हाताशीच ठेवला.

ज्याँ-पिएर जनेचा हा २००१चा फ्रेंच सिनेमा. नायिका पॅरिसच्या मोंमार्त्र भागात एका कॅफेत वेट्रेस आहे आणि स्वतंत्र घरात एकटी राहते. मालाडमध्ये वन बीएचकेचे हप्ते फेडणाऱ्याला यापुढचं प्रेमबीम दिसत नाही. डिपॉझिट कुणी भरलं, हेच डोक्यात घोळतं. आईनं प्रश्न निकालात काढला. "पागडीचं असेल."

मग अमेली छपरावर उभी राहून विचार करते, की या क्षणी शहरात किती जोडपी परमानंदात असतील? सिनेमा ती एकामागून एक दाखवतो. बायकोला एकदम कुकर आठवला. मला रिमोट सापडेना. शेवटी अमेली आपल्याकडे बघून आकडा सांगते, पंधरा. उभा जन्म बँकेत काढलेली आई सबटायटल माझ्याहून भरभर वाचते. म्हणाली, "पंधराच? एवढ्या मोठ्या शहरात?"

पुढे अमेलीला बाथरूमच्या फरशीमागे कुण्या मुलानं फार पूर्वी लपवलेला खेळण्यांचा डबा सापडतो. ती मालक शोधून काढते, तो डबा बघून रडतो. आमच्या बाथरूमची टाइल निघाली तेव्हा मागे वरच्या मजल्याचं पाणी सापडलं. ते आपलं आहे हे त्याच्या मालकानं अजून मान्य केलेलं नाही.

नायक नीनो लोकांनी फाडून टाकलेले पासपोर्ट फोटो गोळा करून अल्बममध्ये चिकटवतो. "पण कामाला कुठे आहे?" आईनं विचारलं. तो ज्या दुकानात कामाला आहे ते पडद्यावर यायच्या आत मी म्हणालो, "खेळण्यांच्या दुकानात." त्याचा हरवलेला अल्बम अमेलीकडेच असतो. तो हातात द्यायचं सोडून ती त्याला बाणांच्या खुणा दाखवत साक्रे-कर चर्चच्या टेकडीवर पळवते. "अगं, सरळ जाऊन दे ना बाई!" मी ओरडलो.

"म्हणजे कसं? घरच्यांना सांगून, पत्रिका बघून?" बायको.

पण एका आंधळ्या म्हाताऱ्याचा हात धरून ती त्याला रस्ता पार करून देते आणि मेट्रोच्या जिन्यापर्यंत भराभर सांगत सुटते: दुकानात काय मांडलंय, कशाचा भाव काय, कोण कुणाकडे बघतंय. दोन मिनिटांचंही दृश्य नसेल, पण पेपर माझ्या हातातून केव्हा खाली गेला कळलं नाही. दादरच्या पुलावर आपणही अशा माणसाला हात देतो, पण "सांभाळा, पायरी आहे" यापलीकडे बोलत नाही. खाली एवढा फुलबाजार भरलेला असतो. निदान झेंडूचा भाव तरी सांगावा.

जनेनं पॅरिसच्या भिंतींवरची रंगरंगोटी आणि रस्त्यावरचा कचरा चित्रीकरणाआधी साफ करून घेतला होता, हे मागाहून वाचलं. असलं धुतलेलं पॅरिस खोटं, असं तिथल्या काही समीक्षकांनी सुनावलं. मला त्या माणसाचा निव्वळ हेवा वाटला.

आईनं मात्र सिनेमातली कामाची गोष्ट अचूक उचलली. अमेलीचे वडील घराबाहेर पडत नाहीत, म्हणून ती त्यांच्या बागेतला बुटका पुतळा एका हवाई सुंदरीबरोबर जगभर पाठवते आणि जागोजागचे त्याचे फोटो त्यांना पोस्टानं येत राहतात. "आणि मग तो बाप शेवटी निघाला ना प्रवासाला?" आईनं दोनदा खात्री करून घेतली.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या काकू चारधामला निघाल्या. शोकेसमधलं सावंतवाडीचं लाकडी वांगं दिसेना. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मला फोटो आला: हरिद्वारला गंगेच्या पायरीवर वांगं. मग केदारनाथसमोर वांगं, मागे बर्फ. काकूंचा मजकूर होता, "यात्रेकरू प्रसाद समजून पाया पडतायत, काय करू?" आईनं त्यांना कळवलंय, "पडू दे. फोटो मात्र त्यालाच पाठव."