झूमपेक्षा पॅरॅलॅक्स बघा
लेखात पॉइंट टू टू (.२२) या छोट्या रायफलला स्वस्तातला, पण जास्तीत जास्त झूमचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घ्या म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. ५० मीटरवर कागदी टार्गेटला ३-९, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा स्कोप, भरपूर झाला. आधी पॅरॅलॅक्स विचारा, म्हणजे डोळा हलला तरी क्रॉसहेअर (नेमाची फुली) टार्गेटवरच राहावी म्हणून स्कोप किती अंतराला जुळवलाय ते. मोठ्या रायफलचे स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले असतात, रिमफायरचे, म्हणजे पॉइंट टू टूसारख्या रायफलचे, ५० वर. चुकीचा घेतला की डोळा जरा सरकताच क्रॉसहेअर टार्गेटवरून हलते आणि नवी पोरं उगाच नॉब फिरवत बसतात. नायट्रोजन भरलेलाच घ्या. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे साध्या स्कोपची काच आतून धुरकटू शकते. आणि ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम मारायची स्पर्धा) स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, त्याची तयारी करणाऱ्यांनी स्कोपवर पैसे घालूच नयेत. तिथे दुर्बीण चालत नाही, पीप साइटच (बारीक छिद्रातून नेम धरायची) लागते.